पावडरीनं किडनी जाते का हो मॅडम?

हा प्रश्न मला आठवड्यातनं दोनदा तरी येतोच. दिवाळीनंतर एक वहिनी आल्या, मागं १९ वर्षांचा पोरगा मान खाली घालून, आणि बसायच्या आधीच टेबलावर पिशवी पालथी केली. "बघा काय काय खातंय हे, आता रिपोर्टबी तसाच आलाय."

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करती का हे बघायचा आकडा) १.४, लॅबची वरची लिमिट १.३. पिशवीत व्हे प्रोटीनचा डबा, क्रिएटिन (जिमवाले ताकदीसाठी घेतात ती पावडर), आणि एक नाव नसलेली पुडी.

डब्याचं सोपं होतं. "पनीर काढल्यावर उरलेलं हिरवट पाणी कशात घालता?" म्हणलं. "कणकेत." "मग तसल्याच पाण्यातलं प्रोटीन गाळून वाळवलंय." एका स्कूपला साधारण २४ ग्रॅम, आणि अर्धा लिटर म्हशीच्या दुधात १८-२०, म्हणजे कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण पिणारा पैलवान काय वेगळं करत नाही, फक्त त्याच्या ग्लासात फॅटपण येतं. किडनी धड असेल तर एवढ्यानं काय होत नाही, आधीच आजार असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

क्रिएटिन मटणा-माशात असतं, आपलं शरीरपण बनवतं, डब्यातलं कारखान्यात तयार होतं (वहिनींचा सोमवार असतो, म्हणून डब्यात मांसाहारी काय नाही ना हे त्यांनी आधी विचारलं). ते मोडून क्रिएटिनिन होतं, त्यामुळं ३-५ ग्रॅम रोज घेणाऱ्याचा आकडा किडनी ठणठणीत असूनपण थोडा वर जाऊ शकतो. पण खुर्चीत बसून मी कोण सांगणार, म्हणून क्रिएटिन बंद करायला लावलं आणि डॉक्टरकडं पाठवलं.

माझा जीव अडकला होता त्या पुडीत. "जिममधल्या दादानं दिलीय, साइज येतो म्हणला." कंपनी नाही, घटक नाहीत, फूड लायसनचा १४ आकडी नंबर नाही. असल्या मालात स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं हे सांगितलं आणि त्यानं पाठीवर फोड येतात म्हणून तसले आलेत का विचारलं, तर पोरगा गप्प, आणि हात हळूच पुडीकडं. "आण हिकडं!" वहिनींनी हिसकावलीच.

महिन्यानं फोन आला. आकडा १.१, लघवीत प्रोटीन नाही, डॉक्टर म्हणले काळजी नाही.

"मग रविवारी मटण-पांढरा रस्सा चालंल न्हवं?"

"चालंल की. टेस्टच्या आदल्या रात्री तेवढं नको, त्यानंपण आकडा वर जातो."

"अगं बया," त्या म्हणल्या, "मागच्या टायमाला जत्रंचंच खाऊन गेलंतं की ते."