वाचकांचे प्रश्न : मागे ५२ दात, तरी गाडी सुटत का नाही?

प्रश्न : आमची फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) गाडी आहे. इंजिन केटीएम ३९० ड्यूकचं, २० मिमी रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा मर्यादित करणारी अरुंद वाट) लावलेलं. चाकं १० इंची, ड्रायव्हरसह वजन ३०० किलो. मोटारसायकलवर चेनच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) पुढे १५ आणि मागे ४५ दात असतात. चारचाकी जड म्हणून आधीच्या बॅचने १३:५२ लावलं. आता सुटताना मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि ७५ मीटरच्या ॲक्सिलरेशन चाचणीत ड्रायव्हर नुसता गिअरच टाकत राहतो. काय बदलावं? (सांगली)

उत्तर : हिशोब टायरपाशी चुकला आहे. ड्यूकचं मागचं चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जातं, तुमचं १.४ मीटर. म्हणजे स्प्रॉकेटला हात लावण्याआधीच गिअरिंग पाव हिश्श्याने शॉर्ट (तेवढ्याच आरपीएमला वेग कमी) झालं होतं. त्यावर ३ चं प्रमाण ४ केलं गेलं.

आधी परीघ स्वतः मोजा, कॅटलॉगमधला घेऊ नका. हवा ट्रॅकवर ठेवता तेवढीच भरा, ड्रायव्हरला आत बसवा, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी सरळ रेषेत पाच फेरे ढकला आणि अंतराला पाचाने भागा. ड्रायव्हरशिवाय मोजलं तर आकडा जास्त येतो.

मग सूत्र सोपं आहे : आरपीएम गुणिले परीघ (मीटर) गुणिले ०.०६, भागिले प्रायमरी (इंजिन ते क्लच), गिअर आणि फायनल (पुढचं ते मागचं स्प्रॉकेट) या प्रमाणांचा गुणाकार. उत्तर किमी प्रतितास. या इंजिनची प्रायमरी ३०:८०, म्हणजे २.६६७. गिअर अनुक्रमे २.६६७, १.८५७, १.४२१, १.१४३, ०.९५७ आणि ०.८४०. परीघ १.४ मीटर आणि ९५०० आरपीएम धरले तर १३:५२ वर पहिला गिअर २८ ला संपतो, मग ४०, ५३, ६५, ७८, ८९. तेच १५:४५ वर ३७, ५४, ७०, ८७, १०४, ११९.

अशी गाडी ७५ मीटरच्या शेवटी ८५ च्या आसपास असते. १३:५२ वर तिथे पोहोचायला पाच वेळा गिअर बदलावा लागतो, १५:४५ वर तीन वेळा. हाताच्या लिव्हरने एका बदलाला ०.३ सेकंद धरा : दीड सेकंद गाडीला रेटाच नाही, त्याऐवजी ०.९.

"पण पिकअप कमी होईल ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. पहिल्या गिअरमध्ये नाही होणार. ३५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि वाटेत १० टक्के घट धरली, तर १५:४५ वर चाकाशी सुमारे ३००० न्यूटन रेटा येतो, १३:५२ वर ४०००. आता पकड बघा. मागे ५२ टक्के वजन, गुरुत्वमध्य ३० सेंमी उंच, व्हीलबेस १५५ सेंमी आणि टायरचा घर्षणांक १.४ असेल, तर जमीन जेमतेम २९०० न्यूटन घेते. ट्रॅकवर धूळ असली, घर्षणांक १.२ वर आला, की २४००. वरचा सगळा रेटा टायर जाळण्यात जातो. दुसऱ्या गिअरपासून मात्र शॉर्ट फायनलचा खरा फायदा मिळतो, म्हणून १३:५२ ठेवायचंच असेल तर सुटताना दुसरा टाका : २८०० न्यूटन मिळतात आणि पुढचे टप्पे जवळजवळ येतात. पण हे न्यूमॅटिक (हवेच्या दाबाने गिअर बदलणारा) शिफ्टर असलेल्यांनी करावं. लिव्हरवाल्यांना चार बदल महागच पडतात.

आमचं मत १५:४५ कडेच. त्यावर स्किडपॅडही (गोल फिरण्याची चाचणी) नीट बसतो. तिथे गाडी साधारण ९ मीटर त्रिज्येने फिरते, १.३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.३ पट) बाजूची पकड निघत असेल तर वेग ३९ च्या आसपास, आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ६९०० वर, म्हणजे टॉर्कच्या माथ्यालाच. पाचवा-सहावा वापरात येत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

रिस्ट्रिक्टरमुळे वरच्या आरपीएमला ताकद लवकर ढेपाळते. डायनोच्या (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर ९००० नंतर घसरण दिसली तर वरचे वेग ९००० ने पुन्हा काढा आणि शिफ्ट लाइट (गिअर बदलायची खूण देणारा दिवा) तिथे लावा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएम सर्वांत जास्त पडतात, ९५०० वरून ६६०० पर्यंत. मॅपिंगमध्ये (इंधन आणि ठिणगीच्या तक्त्यात) त्या भागात खड्डा राहू देऊ नका.

प्रश्न : चेन दोनदा उतरली, डिफरन्शिअलचा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाचा) ब्रॅकेटही वाकला. पुढे १३ दात आहेत. (नाशिक)

उत्तर : १३ दातच त्यामागे असण्याची शक्यता मोठी. पहिल्या गिअरमध्ये पुढच्या स्प्रॉकेटवर सुमारे २५० न्यूटन-मीटर येतात. ५२० मापाच्या चेनच्या १५ दातांवर याचा ताण ६५०० न्यूटन होतो, १३ दातांवर ७५००. साडेसातशे किलोची ओढ डिफरन्शिअलला सतत इंजिनकडे खेचते आणि ब्रॅकेट लवला की चेन सैल होते. शिवाय दात कमी तितकी चेन जास्त धडधडते. प्रमाण हवं ते ठेवा, पण ते मागचे दात बदलून मिळवा.

ब्रॅकेटला चेनचा ताण जुळवायला दोन्ही बाजूंनी टर्नबकल किंवा एक्सेंट्रिक असावा आणि दोन्हीकडे खूण तंतोतंत एकाच आकड्यावर. एक बाजू मिलिमीटरभर पुढे गेली की स्प्रॉकेट तिरकं होतं आणि चेन दातांवर चढते. सरळ पट्टी लावून तपासा. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता दांडा) नसल्याने मोटारसायकलइतकी ढील लागत नाही, ८ ते १० मिमी पुरे. पण चाक पूर्ण फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ होते तिथे मोजा. जोडकडी रिव्हेटची घ्या. क्लिपचीच असेल तर तिचं बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला. वर झाकण बिनभोकाचं आणि चेनच्या तिप्पट रुंद हवं, नाहीतर तांत्रिक तपासणीत अडवतील.

प्रश्न : १० ऐवजी १३ इंची चाकं घेतली तर? (पुणे)

उत्तर : परीघ १.६ मीटर झाला तर १.६ भागिले १.४ इतक्या पटीने फायनल वाढवा. ३ चं ३.४३ होतं, म्हणजे नेमकं १४:४८. मागे ४८ दातांचा व्यास २४ सेंमीच्या पुढे जातो, तेव्हा खालचा फ्लोअर आणि ब्रेकची पाइप त्याच्या वाटेत येत नाहीत ना, हे स्प्रॉकेट कापायला देण्याआधी पुठ्ठ्याची चकती लावून बघा.