काढलेला सर्व्हर ग्लस्टरमध्ये परत घेताना

प्रश्न : तीन सर्व्हरवर ग्लस्टरचा (अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच स्टोरेज करणारी प्रणाली) रेप्लिका 3 व्हॉल्यूम होता, म्हणजे प्रत्येक फायलीची प्रत तिन्हींवर. एक सर्व्हर बिघडला, म्हणून त्याची ब्रिक (व्हॉल्यूमला दिलेलं त्याच्या डिस्कवरचं फोल्डर) काढून रेप्लिका 2 केला आणि तो सर्व्हर बंद असतानाच 'पीअर डिटॅच फोर्स' (क्लस्टरमधून सक्तीने काढण्याची कमांड) दिला. आता तो दुरुस्त झालाय, पण 'पीअर प्रोब' (क्लस्टरमध्ये घेण्याची कमांड) दिला की तो आधीच दुसऱ्या क्लस्टरमध्ये असल्याचा एरर येतो. डिस्कवरचा जुना डेटा शाबूत आहे. तो वापरून वेळ वाचेल का?

उत्तर : त्या डेटाचा मोह सोडा. मधल्या काळात दोन सर्व्हरवरून पुसलेल्या फायली या डिस्कवर अजून आहेत. डिस्क तशीच जोडली तर त्या पुन्हा उगवू शकतात, आणि बदललेल्या फायलींचं स्प्लिट-ब्रेन (कोणती प्रत खरी हे ठरवता न येणं) झालं तर निस्तरताना नाकी नऊ येतील. शिवाय ब्रिकच्या फोल्डरवर व्हॉल्यूम-आयडीचं एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फोल्डरला चिकटलेली खूण) शिल्लक असतं, त्यामुळे 'अ‍ॅड-ब्रिक' ही ब्रिक जोडण्याची कमांडही अडते. ते पुसून फोर्स करण्यापेक्षा डिस्क एक्सएफएस या फाइलसिस्टिममध्ये नव्याने फॉरमॅट करा, आयनोड (फायलीची माहिती ठेवणारी नोंद) साइझ 512 बाइट ठेवा. ब्रिक माउंट पॉइंटवर थेट नको, आतल्या सबफोल्डरमध्ये हवी. नाहीतर एखाद्या रीबूटला डिस्क माउंट झाली नाही की सगळा डेटा रूट पार्टिशनमध्ये भरत जातो.

एररचं कारण साधं आहे. डिटॅच झालं तेव्हा सर्व्हर बंद होता, म्हणून ते त्याला कळलंच नाही. त्याच्या '/व्हार/लिब/ग्लस्टरडी'मध्ये जुन्या सोबत्यांची नोंद तशीच आहे. ग्लस्टरडी सर्व्हिस थांबवा, त्या फोल्डरमधलं 'ग्लस्टरडी.इन्फो' सोडून बाकी सगळं पुसा आणि सर्व्हिस सुरू करा. हे फक्त परत येणाऱ्या सर्व्हरवर! प्रोब मात्र क्लस्टरमधल्या चालू सर्व्हरवरून द्या. 'पीअर स्टेटस'मध्ये 'पीअर इन क्लस्टर, कनेक्टेड' दिसलं पाहिजे. डिस्कनेक्टेड दिसलं तर फायरवॉलमध्ये 24007 आणि ब्रिकसाठीचे 49152 पासूनचे पोर्ट बघा, आणि होस्टनेमवरून आयपी पत्ता दोन्ही बाजूंनी मिळतोय का तेही.

मग 'व्हॉल्यूम अ‍ॅड-ब्रिक'मध्ये व्हॉल्यूमचं नाव, 'रेप्लिका 3' आणि नवीन ब्रिकचा पत्ता द्या. त्यानंतर 'हील फुल' (सगळा डेटा नव्या ब्रिकवर उतरवण्याची कमांड). 'हील इन्फो'त (उतरवायच्या बाकी फायलींची यादी) सुरुवातीला शून्य दिसलं म्हणून काम झालं असं समजू नका. फोल्डर चाळले जातील तशी यादी वाढते. सेल्फ-हील डेमन (हे काम मागे चालवणारा प्रोग्रॅम, एसएचडी) चालू असल्याची 'व्हॉल्यूम स्टेटस'मध्ये खात्री करा, आणि शेवटी लपलेला 'डॉट ग्लस्टरएफएस' फोल्डर वगळून तिन्ही ब्रिकमधल्या फायलींची संख्या ताडून पाहा. वेग फारच कमी वाटला तर 'एसएचडी-मॅक्स-थ्रेड्स' 1 वरून 4 करा. त्याहून जास्त केलं तर क्लायंट रखडू शकतात. हे सगळं संपेपर्यंत उरलेल्या दोन सर्व्हरना हात लावू नका, अपडेटसुद्धा नको.

प्रश्न : आमच्याकडे ब्रिक काढलेली नाही. फक्त सिस्टिम डिस्क गेली, म्हणून लिनक्स नव्याने टाकलं. हीच पद्धत का?

उत्तर : नाही. तुमचा व्हॉल्यूम अजून त्या सर्व्हरचा जुना यूयूआयडीच (सर्व्हरची एकमेव ओळखसंख्या) ओळखतो, आणि नव्या इन्स्टॉलने वेगळा तयार केलाय. चालू सर्व्हरवर 'पीअर स्टेटस' दिला की जुना यूयूआयडी दिसेल. सर्व्हिस थांबवून तो नव्या सर्व्हरच्या 'ग्लस्टरडी.इन्फो'त लिहा, सर्व्हिस सुरू करा, तिथून चालू सर्व्हरला प्रोब द्या आणि सर्व्हिस पुन्हा रीस्टार्ट करा. डेटाची डिस्क पूर्वीच्याच ठिकाणी माउंट असेल, तर ब्रिक आपोआप वर येते आणि मधल्या काळातले बदल तेवढे हील होतात.