बोआ की पायथन? आधी कुलरचा हिशोब

जळगावहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय २७, एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात नोकरी, हातात ३४,००० रुपये येतात. शहरात भाड्याची खोली आहे, खोलीत कुलर आणि इन्व्हर्टर आहे. आईवडील यावल तालुक्यात गावी, केळीची शेती. लहानपणापासून सापांचं वेड. गावच्या सर्पमित्राच्या गाडीवर मागे बसून बरीच वर्षं फिरलेत. आता स्वतःचा साप पाळायचाय. मुंबईच्या एका विक्रेत्याने दोन पिल्लं दाखवलीत : बॉल पायथन ३०,००० ला आणि बोआ ४२,००० ला. मन बोआवर आहे. ‘बाराच हजार जास्त आहेत, क्रेडिट कार्डावर बारा हप्ते होतात, आणि विक्रेता म्हणतो दोन-तीन वर्षांनी पिल्लं विकून पैसे वसूल,’ असं लिहिलंय. खाली एक ओळ : ‘माय म्हनस, घरमा साप नको. तुम्ही काय म्हणता?’

भाऊ, मायच्या आणि तुमच्या मध्ये मी पडत नाही. मी पैशाचा माणूस, सापांचा नाही. पण खर्च जनावराच्या राहणीवर ठरतो, म्हणून पत्र आल्यावर या दोघांची राहणी नीट समजून घेतली. मत आधीच सांगून टाकतो : घ्यायचाच तर पायथन घ्या. मात्र या दिवाळीला नको, आणि कार्डावर तर मुळीच नको.

आता त्या बारा हजारांकडे बघू. आज दोन्ही पिल्लं हाताएवढीच, म्हणून दोघांचा संसार सारखाच वाटतो. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करतो, नाव त्यावरूनच पडलं. पूर्ण वाढला की तीन ते पाच फूट, वजन दीड-दोन किलोच्या आसपास. बोआ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तो सहा-आठ फुटांचा सहज होतो, मादी त्याहूनही मोठी होऊ शकते, आणि वजन पायथनच्या कितीतरी पट. पायथनला चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी जन्मभर पुरते. बोआला तीन-चार वर्षांत निदान सहा फुटांची दुसरी पेटी लागते. तुमच्या खोलीत ती कुठे ठेवणार, याचा विचार केलाय का? कॉट काढावी लागेल. शिवाय मोठा बोआ एकट्याने हाताळू नये असं जाणकार सांगतात, म्हणजे प्रत्येक साफसफाईला एक माणूस सोबत हवा. दोघेही बिनविषारी आहेत, प्रश्न विषाचा नाही, ताकदीचा आहे.

बोआच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. तो खाण्याच्या बाबतीत नखरे करत नाही. बॉल पायथन मात्र रुसतो. थंडीत किंवा जागा बदलली की महिना-महिना, कधी त्याहून जास्त, उंदराकडे बघतही नाही. पहिल्यांदाच पाळणारा माणूस अशा वेळी घाबरून डॉक्टर शोधत सुटतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार डॉक्टर गाठायला तुम्हाला मुंबई-पुण्याकडेच जावं लागेल असं धरून चला. जळगाव-मुंबई जाऊन-येऊन आठशे किलोमीटरच्या वर होतं, आणि साप घेऊन रेल्वेच्या डब्यात बसता येणार नाही, गाडी करावी लागेल. म्हणून डॉक्टरांच्या नावाने दोन्ही सापांसाठी मी दरवर्षी रक्कम धरलीय, लागो न लागो.

आणि आता खानदेशाचा मुद्दा. सापांच्या खर्चाचे बहुतेक हिशोब थंड मुलखातल्या लोकांनी मांडलेले असतात. त्यांचा पैसा ऊब देण्यात जातो. आपलं उलटं आहे. या दोन्ही सापांना पेटीची एक बाजू ३१-३३ अंशांची आणि दुसरी २५-२७ च्या आसपास लागते, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही हवी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याकडेही ऊब द्यावी लागतेच, पण ते बिल किरकोळ. मेमध्ये मात्र बाहेर ४४-४५ असताना पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. तिथे पेटीत सावली कुठून आणणार? साप काचेच्या पेटीतून उठून ओट्यावर जाऊन बसू शकत नाही.

हे मी फुकटचं बोलत नाही. भुसावळला असताना हौसेने माशांची टाकी ठेवली होती. एका मेमध्ये दुपारची चार तास वीज गेली, मी कामावर होतो. संध्याकाळी घरी आलो तर एकही मासा जिवंत नव्हता. मासे दोनशे रुपयांचे होते, तरी आठ दिवस घरात कोणी धड बोललं नाही.

सुदैवाने कुलर इथे दुहेरी कामाचा. कोरड्या उन्हाळ्यात तो खोली थंड करतो आणि हवेत ओलही आणतो. बॉल पायथनला ५०-६० टक्के दमटपणा लागतो, आपली एप्रिलची हवा त्याच्यासाठी फारच कोरडी. पण जूनच्या सुरुवातीला ढग भरून येतात, पाऊस पडत नाही, आणि कुलर नुसता घाम देतो. ते पंधरा दिवस सगळ्यात अवघड. कुलरची वीज, दरवर्षी बदलायचं गवत, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी बाजूला टाकायचे पैसे आणि जूनसाठी थोडी राखीव रक्कम मिळून मी वर्षाला ९,००० धरलेत. एवढ्या लहान सापाच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा हाच आहे.

बाकीचे आकडेही माझे अंदाजच आहेत, तुमच्या सुताराचे आणि दुकानदाराचे भाव घेऊन खोडून काढा. पायथनचं असं : साप ३०,०००, पेटी २०,०००, ऊब देणारं साहित्य आणि थर्मोस्टॅट १०,०००, उंदीर गोठवून ठेवायला लहान डीप फ्रीझर १०,०००, सरकारी नोंदणी १,०००. झाले ७१,०००. थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेल्या तापमानाला ऊब आपोआप बंद करणारं यंत्र, त्यावर पैसे वाचवू नका. त्याच्याशिवाय तापणारी गादी सापाला भाजते. फ्रीझरवरही नाही, कारण मायच्या फ्रिजमध्ये कैरीच्या फोडींशेजारी उंदीर ठेवलेत असं तिला कळलं, तर साप आणि तुम्ही दोघेही बाहेर. पुढे वर्षाचा खर्च : खाणं ४,०००, ऊब २,०००, थंडावा ९,०००, डॉक्टर ४,०००, पेटीतली माती-भुसा वगैरे ३,०००. एकूण २२,०००, म्हणजे महिन्याला साधारण १,८३०.

बोआचं सुरुवातीचं, दुसऱ्या पेटीसकट, १,०७,००० होतं. वर्षाचे ३०,०००. खाणं दुप्पट, कारण मोठ्या बोआला मोठा उंदीर नाहीतर ससा लागतो.

हे साप नीट सांभाळले तर २० ते ३० वर्षं जगतात. वीसच धरू. महागाई दरवर्षी ६ टक्के पकडली, तर पायथनचा एकूण खर्च सुमारे ८.८ लाख आणि बोआचा १२.१ लाख. दुकानात बारा हजारांचा दिसलेला फरक सुमारे ३.३ लाखांचा होतो. हेच पैसे एसआयपीत टाकले असते तर किती झाले असते, ते मी सांगणार नाही. तसा हिशोब लावला तर माणसाने चहासुद्धा पिऊ नये. छंदाला खर्च येणारच, तो आपल्या खिशाला झेपतो का एवढंच बघायचं.

विक्रेत्याच्या ‘पैसे वसूल’ या शब्दावर मात्र थांबायला हवं. बॉल पायथनची मादी एका वेळी पाच-सहा अंडी घालते. बोआ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि ती वीस-पंचवीसही असू शकतात. पंचवीस पिल्लं म्हणजे पंचवीस वेगळे डबे, पंचवीस तोंडं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्यांना खाऊ कोण घालणार, तुम्हीच ना? जो माणूस आज तुम्हाला विकतोय, तोच उद्या तुमची पिल्लं चढ्या भावाने घेईल असं वाटत असेल, तर त्याच्याकडून आजच तसं लिहून घ्या. देणार नाही. आपल्या जळगावच्या सराफ बाजारात सोन्याची अंगठी कधीही मोडता येते, तिच्यावर कर्जही मिळतं. साप कोणतीही बँक तारण ठेवत नाही. त्याला गुंतवणुकीच्या रकान्यात लिहू नका.

कागदांचं प्रकरण तर त्याहून गंभीर. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले विदेशी प्राणी तेव्हापासून कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले, आणि पायथन, बोआ दोन्ही त्यात आहेत. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ‘परिवेश’ पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीचा अर्ज करायचा असतो, शुल्क १,००० रुपये. पुढे त्याची पिल्लं झाली, तो मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं. विमानतळांवर बँकॉकहून आलेल्या सामानात असे साप वारंवार सापडतात. तेव्हा विक्रेत्याच्या नावावरचं नोंदणी प्रमाणपत्र आधी बघा, त्याची प्रत घेऊन वनविभागाच्या कार्यालयात दाखवा, मगच पैसे. ‘पावती देतो, कागद मागाहून’ म्हणाला तर फोन ठेवून द्या. बिनकागदाचा साप जप्त झाला की तुमचे ७१,००० त्याच दिवशी शून्य, आणि वर खटला.

तुमच्या मेहुण्याने सातपुड्याच्या पायथ्याहून ‘फुकट अजगर’ आणून देतो म्हटल्याचंही पत्रात आहे. त्याला आत्ताच थांबवा. आपला अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, आणि दंड २५,००० च्या खाली नाही. स्वस्तातला ‘सँड बोआ’ म्हणून कोणी मांडूळ दाखवलं तरी तेच, तो आपल्याच मातीतला साप, कायद्याने संरक्षित. मांडुळाच्या नावाने गुप्तधनाच्या नादी लागून लाख-दीड लाख घालवून बसलेले एक गृहस्थ एकदा माझ्याकडे आले होते. त्यांना सल्ला देण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता तुमचा खिसा. भाडं ७,५००, घरी ८,०००, गाडीचा हप्ता ३,२००, बाकी खर्च १०,०००. मिळून २८,७००, उरतात ५,३००. बँकेत ८५,००० आहेत. केळीवर एक वादळ आलं की घरी ८,००० ऐवजी २०,००० पाठवावे लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून सहा महिन्यांचा खर्च, साधारण १,७२,०००, हात न लावता बाजूला हवा. गाडीचे १४ हप्ते उरलेत. तोवर दरमहाच्या बचतीचे ७४,००० आणि एका दिवाळीचा २०,००० बोनस धरला की ती रक्कम पूर्ण होते. त्यानंतर हप्ता सुटतो, महिन्याला ८,५०० उरू लागतात, दुसरा बोनस येतो. वीस-बावीस महिन्यांत ७१,००० रोख जमतात, आणि पुढचे १,८३० झेपतात. बोआचे २,५०० ही झेपतील म्हणाल. झेपतील, पण लग्न झालं, खोली बदलली, की सहा फुटांच्या पेटीसकट नवं घर शोधताना आठवण येईल. घरमालकाला आधी विचारा, तेही लेखी. कार्डाचे हप्ते एकदा चुकले तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, त्यामुळे तो विषय इथेच संपला.

तोवर एक पाचशे रुपयांचं काम करा. तापमान आणि दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र आणा, जिथे पेटी ठेवायची तिथे ते ठेवा. येत्या मेमध्ये रोज दुपारी तीनचा आकडा टिपा. तुम्ही कामावर असाल तेव्हाचाही हवा, म्हणून दिवसातलं सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारं यंत्र घ्या. वीज किती वेळ गेली तेही लिहा. कुलर चालू असताना एकतीसपैकी चार-पाच दिवस जरी ३५ च्या वर दिसले, तर खोली बदलेपर्यंत पायथनही नको. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते सगळे आकडे मला पाठवा, मग पुढचं ठरवू.