मँचेस्टर युनायटेडचं काय होणार?

प्रश्न: 2025-26 च्या इंग्लिश फुटबॉल लीगच्या सीझनला सुरुवातीलाच जीव टांगणीला लागलाय. घरच्या मैदानावर आर्सेनलकडून 0-1 हरलो, फुलहॅमकडे जाऊन 1-1 बरोबरी आणि त्यात आपला कॅप्टन ब्रूनोने पेनल्टी गोलच्या वरून घालवली, मग बर्नलीला कसंबसं 3-2 हरवलं. आशा ठेवू का?

उत्तर: ठेवा की! बर्नलीविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये तोच ब्रूनो परत पेनल्टीला उभा राहिला आणि गोल मारला, याला छाती लागते राव. 2021-22 च्या सीझनला आर्सेनल पहिल्या तिन्ही मॅच हरलं, नऊ गोल खाल्ले, मारला एकही नाही, तरी शेवटी लीगमध्ये पाचवं आलं. मला खरी काळजी समोरच्या टीमच्या कॉर्नर किकची वाटते, आर्सेनलच्या गोलला आपला गोलकीपर बायिंदिर गर्दीत अडकला, हात लागला पण बॉल लांब गेलाच नाही आणि त्यांच्या कालाफिओरीने हेडर मारला. आधी चांगला गोलकीपर आणा!