हे पैसे कधी लागणार आहेत?

प्रिय बाळा,

रात्री पावणेबाराला तू पाठवलेला स्क्रीनशॉट सकाळी पाहिला. दोन्ही म्युच्युअल फंड लाल, म्हणजे तोट्यात, आणि खाली एकच ओळ, ‘काका, सगळं विकू की थांबू?’ इतक्या उशिरापर्यंत तू त्या आकड्यांकडे बघत जागी होतीस, याचंच जास्त वाईट वाटलं.

सप्टेंबर 2024 मध्ये सेन्सेक्स, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, 85,978 ला जाऊन आला, फेब्रुवारी 2025 संपताना 73,198 वर आला. पुढे कुठे जाईल ते मला सांगता येत नाही. पण मी तुला एकच विचारतो, हे पैसे कधी लागणार आहेत?

मी स्वतःला हे विचारलं नव्हतं. 2008 साली, दिवाळीच्या तोंडावर, 24 ऑक्टोबरच्या शुक्रवारी सेन्सेक्स हजारावर अंकांनी कोसळून 8,701 वर बंद झाला. शनिवार-रविवार मला घास गेला नाही. सोमवारी रजा टाकून रिडेम्प्शनचा, म्हणजे फंडातले पैसे काढून घ्यायचा, फॉर्म भरून आलो. पैसे कशाचे होते? लेकीच्या कॉलेजचे. लेक तेव्हा चार वर्षांची! चौदा वर्षांनी लागणारे पैसे मी एका शुक्रवारला घाबरून काढले. मग ‘अजून थोडं पडू दे, पुन्हा घालू’ म्हणत बसलो. 18 मे 2009 ला निवडणुकीच्या निकालानंतर बाजार सतरा टक्क्यांवर उसळला, वाढीची ठरलेली मर्यादा गाठली म्हणून सर्किट लागून व्यवहारच थांबले. मी बाहेरच. 2022 मध्ये लेकीसाठी शैक्षणिक कर्ज काढलं, तेव्हा सही करताना तो सोमवार आठवत होता.

म्हणून 23 मार्च 2020 ला एका दिवसात 3,934 अंक गेले तरी मी फंडाचं एक युनिट, म्हणजे एक हिस्साही, हलवला नाही. तुझे बाबा मला अजून म्हणतात, ‘बाजार लगेच सावरला म्हणून तुझं निभावलं.’ मला हे मुळीच पटत नाही. ते पैसे मला निवृत्तीनंतर लागणार आहेत. सावरायला पाच वर्षं लागली असती तरी मी तसाच बसलो असतो. मी हट्टी आहे म्हणतात, असू दे. तो हट्ट मला फुकट मिळालेला नाही.

आता तुझं. पाच हजारांची एसआयपी, ठरावीक रक्कम नियमितपणे फंडात जाते ती, निवृत्तीसाठी आहे ना? मग तिला हात लावू नकोस. पडत्या भावात युनिट्स जास्त मिळतात, हे तुला ठाऊक आहे.

पण ते तीन लाख! ताईचं लग्न मे महिन्यात आणि त्याचे पैसे गेल्या ऑगस्टमध्ये एकरकमी स्मॉल कॅपमध्ये, छोट्या कंपन्यांच्या शेअर्सच्या फंडात? मला आधी एक फोन करायचा होतास गं. स्क्रीनवर दोन्ही लाल दिसले म्हणून तू दोन्हींना एकच उत्तर शोधते आहेस. कधी लागणार आहेत, हे आधी बघ. एकाला तीस वर्षं आहेत, दुसऱ्याला दोन महिने.

‘आता विकलं तर तोटा पक्का होईल’ हे तर मला सांगूच नकोस. तो झालेलाच आहे. तीन लाखांचे 2,46,000 राहिलेत. परत तीन लाख व्हायला 22 टक्के वाढ लागते. दोन महिन्यांत होईलही, पण हॉलवाला आणि केटरर त्या आशेवर थांबणार नाहीत. वर्ष झालेलं नाही, एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढण्याचं शुल्क, जाईल, जाऊ दे. अल्प मुदतीचा हा तोटा मुदतीत भरलेल्या आयकर विवरणपत्रात दाखव, म्हणजे तो पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो.

सोमवारी दुपारी तीनच्या आत रिडेम्प्शन टाक, म्हणजे त्याच दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा त्या दिवसाचा भाव, मिळेल. पैसे खात्यात आले की तिथेच राहू देत. खर्चाला जे कमी पडेल ते मी देतो. बाबांना सांगू नकोस.

तुझा,
काका