जागा आधी, खून नंतर

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला आला आणि त्यातल्या एका वाक्याने माझी झोप उडवली. "काका, मला या पुस्तकांमधली गोष्ट आवडते की नुसता समुद्र आणि जेवण?" गाइडनी सांगितलं की सिसिली, मार्सेय, अथेन्सच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या म्हणजे सुट्टीत वाचायचा माल, डिझर्टेशनला काहीतरी गंभीर घे, बर्फातलं, काळोखातलं, आणि तू लगेच विषय बदलायला निघालीस. एका मीटिंगमध्ये? दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस सिसिलीतल्या त्या इन्स्पेक्टर मोंताल्बानोवरून, ते काय होतं मग?

ऐक. जागा आधी, खून नंतर. हे तुला मी पहिलं पुस्तक देतानाच बोललो होतो. ऊन किती आहे, दुपारी कुठली दारं बंद होतात, चौकात कोण कुठे बसतं, टेबलावर काय येतं, हे आधी बघायचं, प्रेत पळून जात नाही.

इटालियन लेखक शाशाची १९६१ ची ती कादंबरी आठव. सिसिलीतलं गाव, पहाटेची बस सुटतेय, एक माणूस धावत येऊन पायरीवर पाय ठेवतो आणि त्याला गोळ्या घालतात. भर चौकात. बस भरलेली, कंडक्टर आहे, बाजूला चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या विकणारा आहे, आणि कुणीच काही बघितलेलं नसतं. तपासाला येतो तो उत्तरेतल्या पार्माचा कॅप्टन, परका. आता सांग, यात कोडं कसलं आहे? धुक्यातल्या गोष्टीत खुनी दिसत नाही म्हणून कोडं. इथे सगळं उघड्यावर घडलंय, गावाला नावंसुद्धा माहीत असतील, फक्त तोंड कुणी उघडत नाही. हे त्या चौकाशिवाय, त्या वडीवाल्याशिवाय तू कसं समजून घेणार आहेस? म्हणून म्हणतो, जागा आधी.

मोंताल्बानोचा लेखक कामिलेरी शाशाच्याच मुलखातला, सिसिलीतल्या पोर्तो एम्पेदोक्ले गावचा. आयुष्य गेलं नाटकं आणि टीव्हीत, आणि मोंताल्बानोचं पहिलं पुस्तक आलं १९९४ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी (हे तुला अशासाठी सांगतोय की चोविसाव्या वर्षी उशीर झाला म्हणून रडू नकोस). मोंताल्बानो जेवताना बोलत नाही, दुसऱ्या कुणी बोललेलंही त्याला चालत नाही, मग धक्क्यावरून दीपगृहापर्यंत चालत जाऊन एका सपाट दगडावर बसतो. तुझे गाइड म्हणतात हे टूरिझम. मान्य, १९९९ ला टीव्ही मालिका आली, आता लोक तिथे फोटो काढायला जातात, २००३ मध्ये तर पोर्तो एम्पेदोक्लेने काही वर्षांसाठी गोष्टीतल्या गावाचं नाव, विगाता, आपल्या नावाला जोडून घेतलं होतं.

पण त्याच २००३ मध्ये आलेलं पुस्तक उघड ना. २००१ च्या जुलैत इटलीत जेनोवाला जी-८ या बड्या देशांच्या परिषदेच्या वेळी पोलिसांनी रात्री शाळेत घुसून आंदोलकांना बेदम मारलं होतं, आणि मोंताल्बानो, स्वतः पोलीस, ते सहन न होऊन राजीनामा द्यायचा विचार करतोय, त्याच मनःस्थितीत नेहमीसारखा घरासमोरच्या समुद्रात पोहायला जातो आणि पोहता पोहता एका प्रेतावर जाऊन आदळतो. तोच समुद्र, आधीच्या सगळ्या पुस्तकांमध्ये रोज सकाळी ज्यात उतरत होता तो. पुढे बोटीतून येणारे स्थलांतरित, त्यांची पोरं, त्या पोरांची खरेदी-विक्री. आधीच्या पुस्तकांतलं पोहणं तू भराभर पानं उलटून टाळलं असशील तर हे पान तुला काहीच करणार नाही. तू नव्हतं टाळलंस. तू त्या पानाला थांबलीस आणि मला फोन केलास, विसरलीस?

मोंताल्बानोचं नाव ज्याच्यावरून ठेवलं त्या स्पॅनिश लेखक मोंतालबानचं बार्सिलोना घे. १९७९, हुकूमशहा फ्रँकोला जाऊन चार वर्षं. एक श्रीमंत बिल्डर सगळं सोडून दूरच्या दक्षिण समुद्रावर जायची स्वप्नं बघत असतो आणि गायब होतो, वर्षभराने मेलेला सापडतो, आणि कळतं की गेला कुठेच नव्हता, त्यानेच बांधलेल्या गरिबांच्या भिकार वस्तीत राहत होता. तपास करणारा डिटेक्टिव्ह कार्वाल्यो घरी मन लावून स्वयंपाक करतो. फ्रेंच लेखक इझ्झोचा मार्सेयही असाच, आणि ग्रीक लेखक मारकारिसचा अथेन्स, तिथे तर ट्रॅफिक जॅममध्येच देशाचं दिवाळं दिसतं. पण मी यादी देत बसत नाही, तुझ्याकडे पुस्तकं आहेत.

मला एवढा राग का येतोय तेही सांगतो. लहानपणी मी बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार एका बैठकीत संपवायचो, त्या वेगावर माझं आजही प्रेम आहे. पण वीसेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मला सिसिलीतल्या एका रहस्यकथेचं संक्षिप्त भाषांतर करायला मिळालं, आणि संपादक म्हणाले की जेवणाची आणि दुपारची पानं काढा, वाचक कंटाळतो, खुनाकडे या. मी काढली. अकरा पानं. अंक आला, बायकोने वाचलं आणि म्हणाली, "छान आहे, पण हे कुठेही घडलं असतं." बस, एवढंच बोलली आणि कुकर लावायला गेली.

मला तेव्हा पैशांची गरज होती, मुलीची फी भरायची होती, पहिलंच मोठं काम होतं, नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी तेच केलं असतं, हे सगळं खरं आहे आणि मी ते स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. नंतर दोन कामं मी याच कारणावरून सोडली. लोक हेकट म्हणतात, म्हणू देत. पण ती अकरा पानं छापली गेली नाहीत ती नाहीतच.

तू आत्ता तेच करायला निघालीयस, फक्त तुझ्याकडे फीचं कारणही नाही. समुद्र आणि जेवण आवडतं याची लाज वाटतेय तुला! तोच तुझा विषय आहे गं. भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालेला गुन्हा कसा लपतो, आणि जेवणाच्या टेबलावर ती माणसं काय बोलत नाहीत. मे महिन्यात दुपारी दोनला गल्लीत चिटपाखरू नसतं आणि तरी प्रत्येक खिडकीतून कुणीतरी बघत असतं, हे तुला कुणी शिकवायला लागत नाही. गाइडना हे सांग, विषय बदलते असं नको सांगूस. ओरडतील, ओरडू देत.

कापलेली पानं हस्तलिखितात अजून माझ्याकडे आहेत, दोन ठिकाणी शाई पसरलीय. रविवारपर्यंत टाईप करून पाठवतो. त्यात सार्डिनचा पास्ता आहे, मी तारली लिहिलं होतं, ते बरोबर वाटतं का बघ.