आरतीत खणखणीत, तोंडी परीक्षेत गप्प

तोतरेपणाबद्दल आलेल्या पत्रांत एकच कोडं वेगवेगळ्या शब्दांत विचारलेलं आहे : माणूस एका ठिकाणी घडाघडा बोलतो आणि दुसऱ्या ठिकाणी अडतो, हे कसं? त्यातले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. गणपतीत आरत्या, अथर्वशीर्ष एकदाही न अडखळता म्हणतो. घरी धाकट्या बहिणीशी बोलतानाही क्वचितच अडतो. शाळेत तोंडी परीक्षेला मात्र पहिला शब्दच फुटत नाही. बाई म्हणतात, ‘आरती येते तर उत्तरही येईल, हा टाळाटाळ करतो.’ खरं काय?
— एक आई, कोथरूड

उत्तर : टाळाटाळ नाही. जागा आणि माणसं बदलली की बोलणं बदलणं, हे तोतरेपणाचं नेहमीचं लक्षण आहे. सगळीकडे, सगळ्यांशी अगदी सारखाच अडखळणारा मुलगा समोर आला, तर उलट आम्हीच आणखी काही कारण आहे का ते शोधू.

आरतीत तीन गोष्टी जुळून येतात. शब्द ठरलेले असतात, ठेका टाळ-झांजांकडून मिळतो आणि सोबत दहा जणांचा आवाज असतो. एरवी बोलताना कोणता ध्वनी नेमका केव्हा सुरू करायचा, ही वेळ मेंदूला आतून साधावी लागते. त्यात बेसल गँग्लिया या खोलवरच्या भागाचा मोठा वाटा असतो, आणि तोतरेपणा असलेल्यांमध्ये ही यंत्रणा थोडी वेगळी चालते. ठेका बाहेरून आला की तिच्यावरचा भार कमी होतो. ऋषिपंचमीला दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका एकसुरात अथर्वशीर्ष म्हणतात. एरवी अडखळणारी बाईही त्या घोळक्यात ओळखू येणार नाही. तिलाच एकटीला माईकवर उभं केलं, तर ती पहिल्या ओळीत अडू शकते.

दुसरा भाग ऐकणाऱ्याचा. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये तोतरेपणा असलेल्या 24 प्रौढांचं बोलणं तपासलं. आपल्याला कुणीच ऐकत नाही अशी खात्री असताना ती माणसं स्वतःशी बोलली, तेव्हा अडखळणं जवळपास दिसलंच नाही. म्हणजे जीभ, घसा, फुप्फुसं ठणठणीत आहेत. समोर कुणीतरी उत्तराची वाट पाहत बसलं आहे, याचा ताण यंत्रणेवर येतो. तोंडी परीक्षेत तो पुरेपूर असतो : वेळ मोजलेली, उत्तर ठरलेलं, शब्द बदलायची मुभा नाही आणि मागे चाळीस मुलांचे कान.

बाईंना भेटून नेमक्या गोष्टी मागा. तोंडी परीक्षा आधी बाई आणि मुलगा दोघांतच होऊ द्या, मग दोन मित्रांसमोर, मग वर्गात. प्रकट वाचनाला पहिली ओळ बाईंनी त्याच्याबरोबर म्हणावी आणि हळूहळू आवाज काढून घ्यावा. त्याचा नंबर लवकर लावावा, कारण पस्तीस मुलांमागे रांगेत बसून वाट पाहण्यातच निम्मं नुकसान होतं. परीक्षेतून सरसकट सूट मात्र त्याला न विचारता मागू नका. बऱ्याच मुलांना ती अपमानासारखी वाटते.

‘सावकाश बोल’, ‘आधी श्वास घे’ हे घरात आणि शाळेत दोन्हीकडे बंद करा. त्याचं वाक्यही पुरं करू नका. उत्तर यायला पाच-सात सेकंद लागले तर लागू देत.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी करतो. समोरासमोर माझं फारसं अडत नाही. फोनवर स्वतःचं नाव सांगताना मात्र दातखीळ बसते, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये माझी पाळी येईपर्यंत घाम फुटतो. घरी आरशासमोर तयारी केली तर सगळं सुरळीत. काय चुकतंय?

उत्तर : आरसा उत्तराची वाट पाहत नाही, हेच चुकतंय. तोच उतारा पाच वेळा वाचला की अडखळणं साधारण निम्म्यावर येतं, हे 1930 च्या दशकापासून माहीत आहे. पण हा फायदा तात्पुरता असतो. उतारा बदलला किंवा समोर माणूस आला की तो बराचसा गळून पडतो. खोलीतल्या तयारीने मुद्दे पक्के होतील, मीटिंग सोपी होईलच असं नाही.

फोनवर चेहरा दिसत नाही. तुम्ही एखाद्या ध्वनीवर अडलात की पलीकडे फक्त शांतता पोचते, तो ‘हॅलो, आवाज येतोय का?’ म्हणतो आणि तुमची घाई दुप्पट होते. नावाचं दुखणं आणखी वेगळं. दुसरा कुठलाही शब्द ऐनवेळी बदलता येतो, नाव येत नाही. बसमध्ये ‘डेक्कन’ तोंडातून निघत नाही म्हणून ‘खंडोजीबाबा चौक’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या दिवशी काम भागतं, पण ‘डेक्कन’ची भीती एका बोटाने वाढते.

करून पाहण्याजोगं असं. तुम्हाला कराव्या लागणाऱ्या आठ-दहा फोनची यादी करा आणि प्रत्येकाला 0 ते 10 पैकी भीतीचे गुण द्या. किराणा दुकानात ‘दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?’ विचारणं कदाचित 3 वर असेल, क्लायंटशी बोलणं 9 वर. सुरुवात 3 वरच्या फोनपासून, रोज तीन-चार. आठवडाभरात त्याची भीती 1 वर आली की पुढची पायरी. थेट 9 वर उडी मारणारे बहुतेक आठवड्याभरात सगळंच सोडून देतात.

फोन करताना खोल श्वास घेऊन तो रोखू नका. रोखलेल्या श्वासावर स्वरयंत्र घट्ट मिटतं आणि ध्वनी तिथेच अडकतो. नेहमीएवढाच श्वास घ्या आणि हवा बाहेर पडायला लागली की तिच्यावर आवाज हळुवार सुरू करा. प, ब, म वर ओठ नुसते टेकवा, दाबू नका. एखाद्या शब्दावर अडलातच तर तो कसाही पुरा करा, दोन-तीन सेकंद थांबा आणि तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणा. रिक्षावाल्याला मुद्दाम ‘पौ-पौ-पौड फाटा’ असं सहज, जोर न लावता सांगून पाहा. विचित्र वाटेल. पण आपण होऊन अडखळलं की लपवण्याची धडपड संपते, आणि ताणाचा मोठा हिस्सा त्या धडपडीचाच असतो.

मीटिंगमध्ये पहिलं किंवा दुसरं बोलायला मागा. जमल्यास एकदा सांगूनच टाका : ‘मी कधीकधी अडखळतो, वाक्य पुरं होईपर्यंत थांबा.’ आमच्या मते या लेखातलं सर्वांत उपयोगी वाक्य हेच, आणि लोक सर्वांत शेवटी आजमावतात तेही हेच.

रोजच्या नोंदीत किती वेळा अडलो हे मोजू नका, तो आकडा झोप आणि थकव्याबरोबरही हलतो. म्हणायचं होतं ते म्हटलं का, शब्द बदलला का, फोन टाळला का, एवढंच लिहा.

प्रश्न : वेखंड उगाळून जिभेला लावल्याने किंवा तोंडात गोट्या ठेवून बोलल्याने फरक पडतो का?

उत्तर : नाही. जीभ जड असल्याने तोतरेपणा येत नाही, त्यामुळे ती हलकी करण्याचा प्रश्नच नाही. गोट्या लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. तोतरेपणासाठी खास मान्यता मिळालेलं औषधही आज नाही.

प्रश्न : नात साडेतीन वर्षांची. दोन आठवडे छान बोलते, मग आठवडाभर प्रत्येक वाक्यात अडते. थेरपिस्टकडे नेली तर तिथे एकदाही अडखळली नाही.
— आजी, सहकारनगर

उत्तर : या वयात अशी चढउतार नेहमीचीच आहे. मुलांत तोतरेपणा बहुधा 2 ते 5 वर्षांदरम्यान सुरू होतो आणि बहुतेकांचा पुढे जातोही. पण एका भेटीत ऐकलेल्या बोलण्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून पुरावा घरून न्या.

मोबाइलवर दहा-दहा मिनिटांचे तीन व्हिडिओ करा : जेवताना, खेळताना आणि घाईत काहीतरी सांगताना. कॅलेंडरवर रोज रात्री एक आकडा लिहा, 0 म्हणजे अजिबात नाही, 9 म्हणजे अतोनात. महिन्याभरात चित्र दिसायला लागेल. मोजायचंच असेल तर ‘म-म-मला’, ‘मऽऽला’ आणि तोंड उघडं पण आवाज नाही, हे तीन प्रकार मोजा. ‘मला पण, मला पण’ किंवा ‘ते... म्हणजे...’ मोजू नका, तशी सगळीच मुलं बोलतात. शंभर अक्षरांमागे तीन किंवा जास्त वेळा पहिले प्रकार दिसले तर तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. घरात कुणाला तोतरेपणा असेल, तिचे डोळे-मान ताणली जात असतील, किंवा ‘मला बोलता येत नाही’ असं ती म्हणाली असेल, तर महिनाभरही थांबू नका.

स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. पुण्यात भारती विद्यापीठात या विषयाचं महाविद्यालयच आहे.

प्रश्न : वडील 66 वर्षांचे. कधीही न अडखळणारे वडील परवा सकाळपासून अचानक अडखळू लागले आहेत. भजनातही तसंच. वयामुळे असेल का?

उत्तर : वयामुळे नाही. आजच्या आज न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, हे उत्तर छापून येण्याची वाट तुम्ही पाहिली नसेल अशी आशा आहे. उतारवयात अचानक सुरू झालेलं अडखळणं पक्षाघात, डोक्याला मार किंवा एखाद्या औषधामुळे असू शकतं. अशा वेळी वर सांगितलेला फरक अनेकदा दिसत नाही : गाताना, एकत्र म्हणताना, पुन्हा वाचताना, सगळीकडे सारखंच अडतं. बोलण्याबरोबर तोंड वाकडं झालं किंवा एका हातातली ताकद गेली, तर 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.